स्कॉटलंडचा परिवहनमंत्री आणि आपला परिवहनमंत्री : हातात नेमके काय असते?

नारायणपेठी (मूळ प्रश्न)

पुण्यातील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला तुलनात्मक शासनपद्धती शिकवतो. ब्रिटनमधील डिव्होल्यूशनचे, म्हणजे लंडनच्या संसदेने स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना दिलेल्या सत्तेचे प्रकरण शिकवताना मी आजवर राखीव विषयांची यादी आणि निधीवाटपाचे सूत्र एवढे सांगून पुढे जात असे. यंदा एका विद्यार्थिनीने मला तेथेच अडवले.

डिसेंबर २०१० मध्ये मध्य स्कॉटलंडमध्ये अचानक जोरदार बर्फ पडला, ग्लासगो आणि एडिंबरा यांना जोडणाऱ्या एम-८ महामार्गावर असंख्य वाहनचालक रात्रभर अडकून पडले आणि आठवडा उलटण्याच्या आत तेथील परिवहनमंत्री स्ट्युअर्ट स्टीव्हन्सन यांनी राजीनामा दिला, असे मी वर्गात सांगितले होते. तिचे म्हणणे असे की वाहनपरवाने, वाहनांचे तांत्रिक निकष, वाहनकर आणि विमानवाहतूक हे सगळे जर लंडनकडेच असेल, तर त्या मंत्र्याच्या हातात असे होते तरी काय, की त्याने पद सोडावे? तिने लगेच दुसरा प्रश्नही जोडला : पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बोरघाटात अशीच रात्रभर कोंडी झाली, तर आपल्याकडे राजीनामा कोणी द्यायचा?

पाठ्यपुस्तकी उत्तर मला देता आले असते, परंतु ते मलाच पटणारे नव्हते. येथे प्रशासनातील, वकिलीतील आणि परदेशी राहिलेली मंडळी आहेत, म्हणून विचारतो : अशा सरकारातील परिवहनमंत्री प्रत्यक्षात काय ठरवू शकतो, आणि कशासाठी त्याला केवळ पत्रच लिहावे लागते?

क्लाइडकाठी

नारायणपेठी सर, वाहतूक नियोजनाच्या कामानिमित्त मी काही वर्षे ग्लासगोत होतो, आता पाषाणला स्थायिक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : तो रस्ता मंत्र्यांचाच होता. स्कॉटलंडमध्ये मोटरवे आणि प्रमुख महामार्ग, ज्यांना तेथे ट्रंक रोड म्हणतात, हे स्कॉटिश मंत्र्यांच्या अखत्यारीत येतात आणि उरलेले रस्ते ३२ स्थानिक परिषदांच्या. ट्रंक रोडवर मीठ टाकणे, बर्फ हटवणे, डागडुजी करणे ही कामे २००६ मध्ये स्थापन झालेली ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड ही शासकीय यंत्रणा ठेकेदारांकडून करून घेते, आणि ही यंत्रणा थेट मंत्र्याला जबाबदार असते. स्टीव्हन्सन यांनी त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर यंत्रणेची कामगिरी वाखाणली, आणि त्याच वेळी लोक बंद गाड्यांत कुडकुडत बसले होते. माझ्या मते त्यांना बर्फापेक्षा ती मुलाखत जास्त महागात पडली.

रेल्वेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि खरा अभ्यास तेथेच आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यात विषय वाटून दिलेले नाहीत. जे लंडनकडे राखून ठेवले आहेत तेवढे पाचव्या परिशिष्टात नोंदवलेले आहेत आणि बाकी सर्व एडिंबराकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेकडे आणि सरकारकडे, आहे. रेल्वेचे नियमन आणि सुरक्षेचे निकष आजही त्या राखीव यादीत आहेत. असे असूनही २००५ च्या रेल्वे कायद्याने स्कॉटलंडमधील प्रवासी गाड्यांचे कंत्राट देण्याचा आणि रुळांसाठी निधी ठरवण्याचा अधिकार स्कॉटिश मंत्र्यांना मिळाला. म्हणजे नियम लंडनचा, पैसा आणि मागणी एडिंबराची. दर पाच वर्षांच्या कालखंडासाठी मंत्री दोन कागद काढतात : एकात स्कॉटलंडच्या रेल्वेकडून काय अपेक्षित आहे ते, आणि दुसऱ्यात त्यासाठी किती पैसे उपलब्ध आहेत ते. मग स्वतंत्र नियामक त्या दोन्हींचा मेळ बसतो का ते तपासतो. सध्याचा कालखंड एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा आहे. रूळ, सिग्नल आणि स्थानके सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्था मात्र ब्रिटिश सरकारच्या मालकीची आहे.

याचा परिणाम कसा होतो, ते २०२२ या एकाच वर्षात दिसले. एबेलिओ या कंपनीचे स्कॉटरेलचे कंत्राट मुदतीआधी संपवून १ एप्रिल २०२२ पासून स्कॉटिश सरकारने गाड्या आपल्या मालकीच्या कंपनीमार्फत चालवायला घेतल्या. मे महिन्यातच चालकांचा वेतनाचा वाद पेटला, सुट्टीच्या दिवशी जादा कामाला चालक मिळेनात, आणि दिवसाला सुमारे ७०० फेऱ्या कमी करून तात्पुरते वेळापत्रक लावावे लागले. आधी असे झाले की मंत्री कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवू शकत असे. आता तत्कालीन मंत्री जेनी गिलरुथ यांना बोट दाखवायला कोणी उरले नव्हते. त्याच उन्हाळ्यात नेटवर्क रेलच्या सिग्नल कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि स्कॉटलंडमधील बहुतेक मार्ग बंद पडले. या वेळी एडिंबराचे म्हणणे होते की हा आमचा वाद नाही, लंडनने तो मिटवावा. कायद्याच्या दृष्टीने ते खरे होते, पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वेळा गाडी मिळाली नाही.

मंत्र्याचे वजन राखीव विषयांच्या यादीवरून मोजता येत नाही, असे माझे मत त्यावरून बनले. कोणत्या संस्थेचा पैसा, कोणत्या संस्थेचे संचालक आणि कोणाचे कंत्राट त्याच्या सहीने चालते ते पाहावे. गर्दीच्या वेळचे चढे रेल्वेभाडे १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटलंडने कायमचे रद्द केले. त्यासाठी लंडनची परवानगी लागली नाही. लागले ते स्वतःच्या अंदाजपत्रकातले पैसे. २२ वर्षांखालील सर्वांना जानेवारी २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे, तोही असाच.

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन विभागात माझी सर्व नोकरी गेली, त्यामुळे महाराष्ट्राच्या बाजूने लिहितो. वरील प्रतिसाद वाचून एक गंमत लक्षात आली की आपला मंत्री आणि स्कॉटलंडचा मंत्री यांची खाती जवळजवळ उलटी आहेत. तेथे वाहननोंदणी आणि चालकाचा परवाना ब्रिटनच्या केंद्रीय कार्यालयातून, वेल्समधील स्वान्सीहून मिळतो आणि वाहनकर लंडनच्या तिजोरीत जातो. आपल्याकडे संगम पुलाजवळच्या आरटीओत जे काही चालते, म्हणजे पक्के परवाने, एमएच-१२ ची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्रे, परमिट, ते सर्व राज्याच्या परिवहन विभागाचे. मोटार वाहन करही राज्याचाच. रेल्वे मात्र सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे पुणे-लोणावळा लोकलची एक फेरी वाढवायची तरी आपल्या मंत्र्यापाशी पत्रापलीकडे काही नसते.

यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे. कायदा केंद्राने शिजवायचा, वाढायचा मात्र राज्याने, आणि कच्चे राहिले तर पंगतीची बोलणी वाढप्याने खायची, असा हा प्रकार आहे. तरीही वाढप्याच्या हातात काहीच नसते असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढल्या आणि त्या १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. परंतु जागेवर तडजोड करून घ्यायच्या दंडाची रक्कम कलम २०० प्रमाणे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराचे पत्र लिहिले आणि महाराष्ट्राने नवे दर थांबवून ठेवले. ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये. सव्वादोन वर्षे एका अधिसूचनेवर संसदेची दुरुस्ती अडून राहिली, आणि त्यात बेकायदेशीर काहीही नव्हते.

उलट रिक्षाभाड्याचे पाहा. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये झाले, तेव्हा लोकांनी नावे मंत्र्यांना ठेवली. पण तो निर्णय जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा असतो. मंत्री धोरण ठरवू शकतो, सूत्र ठरवणारी समिती नेमू शकतो. मीटरवरचा आकडा मात्र प्राधिकरणाच्या बैठकीत ठरतो.

बोरघाटाचे उत्तरही देऊन टाकतो. द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा आहे आणि ते महामंडळ सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) खात्याकडे आहे. वाहतूक नियंत्रण महामार्ग पोलिसांचे, म्हणजे गृहखात्याचे. अपघातग्रस्त वाहनाची तपासणी तेवढी आमची. आता राजीनामा कोणाकडे मागायचा ते विद्यार्थिनीनेच ठरवावे.

शिवाजीनगर_कोर्ट

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु तुलनेच्या पायालाच मला हरकत घ्यायची आहे. महाराष्ट्र आणि दिल्ली यांचे नाते स्कॉटलंड आणि लंडन यांच्यासारखे नाही. आपल्या राज्याचे अधिकार राज्यघटनेतून येतात. सातव्या अनुसूचीत बदल करायचा तर संसदेतील विशेष बहुमताशिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. स्कॉटलंडची सत्ता संसदेच्या एका साध्या कायद्याने दिलेली आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २८ च्या सातव्या पोटकलमात स्पष्ट लिहिले आहे की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या ब्रिटिश संसदेच्या अधिकाराला यामुळे बाधा येत नाही. दिलेल्या विषयात संसद सहसा संमतीशिवाय हात घालणार नाही, हे २०१६ मध्ये कायद्यात आले खरे, पण ‘सहसा’ या शब्दाच्या आधारावर न्यायालयात दाद मागता येत नाही, असा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे.

म्हणून वर्गात तुलना करायचीच असेल, तर ती पुणे महानगरपालिका आणि राज्य सरकार यांच्याशी करावी. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, पण प्रत्यक्ष अधिकार किती द्यायचे ते अनुच्छेद २४३-डब्ल्यू प्रमाणे राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. म्हणजे वरच्याने दिले तर मिळायचे, आणि वरच्याने काढून घेतले तर जायचे. बाराव्या अनुसूचीतील अठरा विषय वाचून पाहा : त्यात रस्ते व पूल आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबे आहेत, शहरी बससेवा नाही. थांबा घटनेत आहे, बस नाही.

याचे रूप पाहायचे असेल तर वर्गाला घेऊन स्वारगेटला जावे. जेधे चौकाच्या अवतीभवती एसटीचे स्थानक, पीएमपीचे स्थानक आणि जमिनीखाली मेट्रोचे स्थानक, सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एसटी महामंडळ परिवहनमंत्र्याकडे. पीएमपीएमएल ही २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून झालेली कंपनी; तिची तूट दोन्ही महापालिका भरतात, व्यवस्थापकीय संचालक म्हणून सनदी अधिकारी राज्य सरकार पाठवते आणि महापालिकांचा पालक नगरविकास विभाग आहे. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. भुयारातून वर येऊन सातारची एसटी पकडणारा प्रवासी दहा मिनिटांत तीन सरकारांच्या हद्दी ओलांडतो, आणि यांपैकी एकाच ठिकाणी परिवहनमंत्र्याचा शब्द चालतो. मार्च २०२२ नंतर काही वर्षे तर पुण्यात निवडून आलेले नगरसेवकही नव्हते, प्रशासक होते. तेव्हा पीएमपीची तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, हा प्रश्न मी स्वतः अनेकांकडून ऐकला आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. स्कॉटलंडच्या कायद्यात अधिकार ‘परिवहनमंत्री’ या पदाला दिलेले नाहीत, ते ‘स्कॉटिश मंत्री’ या समूहाला दिलेले आहेत आणि कोणताही कॅबिनेट सचिव (तेथे कॅबिनेट मंत्र्यालाच असे म्हणतात) ते वापरू शकतो. स्टीव्हन्सन हे तर कनिष्ठ मंत्री होते, कायद्याने त्या समूहाचे सदस्यसुद्धा नव्हेत, केवळ साहाय्यक. अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, फिओना हिस्लॉप यांच्याकडे हे खाते असताना ते पुन्हा कॅबिनेट दर्जाचे झाले. राजीनामा दिला तो कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाने, हे विद्यार्थिनीला अवश्य सांगावे.

कार्डिफची_आई

माझी मुलगी वेल्समध्ये राहते, म्हणून थोडेसे लिहिते. तेथील सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतील रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली. त्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि वेल्सची लोकसंख्या जेमतेम एकतीस लाख आहे. लंडनने काहीच केलेले नसताना सगळा राग कार्डिफच्या मंत्र्यांवर निघाला. पुढे केन स्केट्स मंत्री झाल्यावर, कोणते रस्ते पुन्हा ३० मैलांवर न्यायचे याची मार्गदर्शक तत्त्वे बदलली गेली. मुलगी म्हणते की तिच्या रस्त्यावर आता ओलांडताना भीती वाटत नाही. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो, पण परिषदांना सवलती ठरवायला आणखी वेळ द्यायला हवा होता.

दुवाशोधक

उत्तर आयर्लंड राहिले. तेथे हे खाते पायाभूत सुविधा मंत्र्याकडे असते आणि त्याचा आवाका स्कॉटलंडहूनही मोठा आहे, कारण गल्लीबोळांपर्यंतचे रस्तेसुद्धा स्थानिक परिषदांकडे नाहीत, तेही मोटरवेप्रमाणे याच विभागाकडे आहेत. बस आणि रेल्वे दोन्ही ट्रान्सलिंक या सार्वजनिक संस्थेकडे. पण तेथील सरकार दोन्ही बाजूंच्या, म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या आणि आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या पक्षांच्या, सहमतीवर उभे असल्यामुळे एक पक्ष बाहेर पडला की मंत्रिमंडळच उरत नाही. ऑक्टोबर २०२२ अखेरपासून फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीपर्यंत मंत्रीच नव्हते. सचिवांनी कारभार हाकला. वेतनवाढीला पैसे मंजूर करणारे कोणी नसल्यामुळे बस-रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये गोठलेल्या रस्त्यांवर मीठ टाकणारे कर्मचारीही संपावर गेले. सचिव सेवा चालू ठेवू शकतो. नवा खर्च अंगावर घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

नारायणपेठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिवाजीनगर_कोर्ट यांची हरकत मान्य करून पुणे महापालिकेची तुलना मी अभ्यासक्रमात घेत आहे. एकच उपप्रश्न उरतो. मंत्र्याचा निर्णय आणि अधिकाऱ्याचा सल्ला परस्परविरुद्ध असतील, तर त्याची नोंद कोठे राहते? क्लाइडकाठी, स्कॉटलंडच्या फेरीबोटींचे प्रकरण आपण टाळलेले दिसते.

क्लाइडकाठी

टाळले, कारण ते लांब आहे, थोडक्यात सांगतो. पश्चिमेकडील बेटांना जोडणाऱ्या बोटी कॅलमॅक ही कंपनी चालवते, त्यांतील बहुतेक बोटी आणि अनेक धक्के सीमॅल या दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे आहेत, आणि दोन्ही कंपन्या सरकारच्याच आहेत. २०१५ मध्ये दोन नव्या बोटींचे ९ कोटी ७० लाख पौंडांचे कंत्राट क्लाइड नदीकाठच्या फर्ग्युसन गोदीला दिले गेले. काम फसले तर पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी गोदी देऊ शकत नव्हती, आणि सीमॅलने ती चिंता लेखी कळवली होती. तरीही मंत्र्यांच्या पातळीवर होकार मिळाला. पहिल्या बोटीचे जलावतरण नोव्हेंबर २०१७ मध्ये थाटात झाले तेव्हा तिला खऱ्या खिडक्यांच्या जागी रंगवलेल्या खिडक्या होत्या. गोदी दिवाळखोरीत गेली, २०१९ मध्ये सरकारनेच ती विकत घेतली, आणि २०१८ मध्ये मिळायची ग्लेन सॅनॉक्स जानेवारी २०२५ मध्ये प्रवाशांना मिळाली. खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला. मार्च २०२२ मध्ये लेखापरीक्षकांनी नोंदवले की ही जोखीम मंत्र्यांनी का पत्करली याचा पुरेसा कागद सापडत नाही. काही आठवड्यांनी सरकारलाच एक ईमेल सापडला, ज्यात तत्कालीन परिवहनमंत्री डेरेक मॅकाय यांचा होकार होता.

म्हणजे आपला प्रश्न तेथेही उठला होता. नियम असा आहे की खर्चाचे मोल निघत नाही असे वरिष्ठ अधिकाऱ्याचे मत असेल, तर तो मंत्र्याकडे लेखी अधिकृती मागतो आणि मंत्र्याने ती दिल्यास तो निर्णय उघडपणे मंत्र्याच्या नावावर जमा होतो. दुसऱ्या बोटीच्या, ग्लेन रोझाच्या, बाबतीत मे २०२३ मध्ये हेच घडले : दुसरीकडून नवी बोट बांधून घेणे स्वस्त पडेल असा हिशेब समोर असताना अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री नील ग्रे यांनी काम चालू ठेवण्याची लेखी अधिकृती दिली आणि संसदेला तसे सांगितले. गोदी अर्थव्यवस्था खात्याकडे आणि बोटी परिवहन खात्याकडे, हा तेथला फाटा लक्षात ठेवावा. बेटावरचा माणूस मात्र जाब परिवहनमंत्र्यालाच विचारतो.

शिवाजीनगर_कोर्ट

आपल्याकडे अशी स्वतंत्र अधिकृती जाहीर करण्याची पद्धत नाही, परंतु सचिवाची टिप्पणी आणि त्यावरचा मंत्र्याचा शेरा नस्तीत राहतो आणि निर्णय पूर्ण झाल्यावर माहिती अधिकारात सामान्यतः मागता येतो. सर, आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचाच असेल तर २०१९ ते २०२१ या काळात वाढीव दंड थांबवून ठेवल्याची नस्ती मागवायला सांगा. अर्ज परिवहन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, पृष्ठांच्या प्रती मागण्याऐवजी आधी नस्तीचे निरीक्षण मागावे, म्हणजे अर्धा खर्च वाचतो आणि नकारही सहजासहजी येत नाही.